पोरीच्या घड्याळात खेळ कुठं आहे?

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी आम्हाला विषय दिला आहे, 'मुलांचे खेळ, मुलांची कला आणि स्त्री-पुरुष समता'. काहींच्या मनात आलं असेल, हा काय विषय झाला? बेकारी आहे, आरक्षणाचा प्रश्न आहे, गिरणी कामगारांच्या घरांचा प्रश्न आहे. ते सगळं सोडून लगोरी आणि भातुकलीवर भाषण? पण बंधू-भगिनींनो, हा विषय लहान नाही. आम्ही काही शिक्षणतज्ज्ञ नाही. साच्यावर उभं राहून, रात्रपाळीच्या सुट्टीत दिव्याखाली वाचून आणि वस्तीतल्या पोरांत राहून जे कळलं, तेवढंच आपल्यापुढं ठेवतो. पटलं तर घ्या. नाही पटलं तर वाद घाला, विहार त्यासाठीच आहे.

मूल जन्माला येतं तेव्हा त्याला काय ठाऊक असतं? भूक लागली की रडायचं, पोट भरलं की झोपायचं. चुलीपुढं कोण बसतं आणि खुर्चीवर कोण बसतं, हे ते आईच्या पोटातून शिकून येत नाही. ते आपण शिकवतो, आणि भाषण न करता शिकवतो. मुलाच्या वाढदिवसाला बॅट, बंदूक, मोटारगाडी. मुलीच्या वाढदिवसाला बाहुली आणि भांडीकुंडी. मुलगा पडला, रडला की म्हणतो, "पोरीसारखा काय रडतोस?" मुलगी मोकळेपणानं हसली की म्हणतो, "मुलीच्या जातीला हे शोभत नाही." बघा, आली की नाही 'जात'! ज्या शब्दाशी आपले बापजादे लढले, तोच शब्द आपण आपल्या घरात आपल्याच लेकीला लावतो. जातीनं माणसाचं काम जन्मावरून ठरवलं. आपणही पोरीचं काम जन्मावरूनच ठरवतो. मग फरक काय राहिला?

आता हे बाईचं काम आणि पुरुषाचं काम ठरतं कसं, ते बघू. साचेखात्यात पुरुष कामगार पाळीभर तुटलेले धागे जोडायचे. बोटं इतकी सरावलेली की नजर दुसरीकडं असली तरी गाठ बसायची. तोच कामगार घरी आल्यावर सदऱ्याचं बटण तुटलेलं दिसलं की बायकोला हाक मारायचा! शिंपी पुरुष असतो. लग्नाच्या पंगतीचा आचारी पुरुष असतो. इस्त्रीवाला पुरुष असतो. हॉटेलात कपबशा विसळणारा पोरगाच असतो. म्हणजे सुईत, पळीत, विसळण्यात बाईपणाचं काही नाही. मजुरी मिळाली की ते काम पुरुषाचं आणि फुकट करायचं असलं की बाईचं, एवढाच हा हिशोब आहे.

उलट बाजूही बघा. १९२० ते ३० च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत पाच कामगारांमागं साधारण एक बाई होती. वाइंडिंग आणि रिळिंग खात्यांत तर बायाच असायच्या. त्यांच्यासाठी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाच्या बाजूनं बाबासाहेब बोलले आणि १९२९ साली तो कायदा झाला. पण पुढं यंत्रं बदलली, बाईला रात्रपाळी बंद होती, आणि कपात करताना पहिला नंबर तिचा लागला. गिरण्या बंद पडायच्या आधीच बायांची संख्या अगदी थोडी उरली होती. त्यांची बोटं काय आखूड झाली होती? काम तेच होतं, ठरवणारे दुसरे होते.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला तेव्हा आम्ही शाळकरी पोरं होतो. सुमारे अडीच लाख कामगार संपात उतरले. त्या काळात घरं तगवली कुणी? बायांनी. कुणी खानावळ चालवली, कुणी भाजी विकली, कुणी लोकांची धुणीभांडी केली. बाहेर कमावणारी तीच आणि परत येऊन चूल पेटवणारीही तीच. पुरुष घरात रिकामे बसून होते, पण बहुतेकांनी हातात पळी घेतली नाही. ही माणसं वाईट नव्हती. लढवय्यी होती, पोलिसांच्या लाठ्या खाणारी होती. पण लहानपणी भातुकलीत ज्यांनी कधी पळी धरली नाही, त्यांना चाळिशीत ती कशी धरवणार?

म्हणून आम्ही खेळापासून सुरुवात करायला सांगतो.

आपल्या वस्तीतल्या पोरांना घेऊन रविवारी सकाळी आम्ही एक खेळ केला. प्रत्येकाला कागद दिला. त्यावर ताटाएवढं घड्याळ काढायचं, चोवीस तासांचं. झोपेला निळा रंग, शाळा-अभ्यासाला पिवळा, घरकामाला लाल आणि खेळाला हिरवा. कालचा दिवस आठवायचा आणि रंगवायचं. एवढंच. चित्रं पुरी झाल्यावर बहीण-भावांची घड्याळं शेजारी शेजारी भिंतीवर लावली. काय दिसलं? पाचवीतल्या एका मुलीच्या घड्याळात हिरवा रंग नावालाही नव्हता. तिच्या मोठ्या भावाचं घड्याळ संध्याकाळभर हिरवं. आम्ही तिला विचारलं, "बाळ, तुझा खेळ कुठं आहे?" ती विचार करून म्हणाली, "पाण्याच्या रांगेत हंडा पुढं सरकेपर्यंत आम्ही टाळ्या खेळतो. ते धरू का?"

संध्याकाळी आई-बापांना ती चित्रं दाखवली. कुणाला नाव घेऊन बोललो नाही, उपदेश केला नाही. पुरुष मंडळी भिंतीपुढं बराच वेळ उभी होती. आपली लेक काम करते हे त्यांना ठाऊक होतं, पण किती करते ते त्यांनी असं एका ठिकाणी रंगवलेलं पाहिलं नव्हतं. लाल रंग खोटं बोलत नाही.

हे काही एका वस्तीचं दुखणं नाही. भारत सरकारनं २०१९ साली देशभर माणसांच्या वेळेची पाहणी केली. सहा वर्षांवरच्या सगळ्यांना विचारलं. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाया निघाल्या शंभरात एक्याऐंशी आणि पुरुष निघाले शंभरात सव्वीस. जे करतात त्यांचा दिवसाचा वेळ बायांचा २९९ मिनिटं, म्हणजे जवळजवळ पाच तास. पुरुषांचा ९७ मिनिटं. २०२४ साली पुन्हा पाहणी झाली. पाच वर्षांत बायांची दहा मिनिटं कमी झाली आणि पुरुषांचीही काही वाढली नाहीत. लक्षात घ्या, ही मोजणी सहाव्या वर्षापासून धरली आहे. सहाव्या वर्षी पोरीनं काय करायचं असतं? खेळायचं असतं!

म्हणून आमचं म्हणणं असं, की मैदानाचा प्रश्न हा आधी वेळेचा प्रश्न आहे. "आमच्या वस्तीत मुलींना खेळायला कुणाची बंदी नाही," असं आपण छाती काढून सांगतो. बंदी नसेल, पण सवड कुठं आहे? अकरा-बारा वर्षांची झाली की पोरगी मैदानातून नाहीशी होते. कुणी तिला हाकलत नाही. पाणी, भांडी, धाकटं भावंड आणि पोळ्या तिला ओढून घेतात. तिला मैदान द्यायचं असेल, तर तिच्या भावाच्या हातात हंडा द्यावा लागेल. दुसरा रस्ता नाही.

आता खेळांकडं येऊ. खेळ आपल्याकडं भरपूर आहेत, विकत काही आणावं लागत नाही. खो-खो, लंगडी, लगोरी, आट्यापाट्या, विटीदांडू, सागरगोटे. यांत मुलाचा कुठला आणि मुलीचा कुठला, हे खेळानं सांगितलेलं नाही. सागरगोट्यांना हाताची आणि नजरेची जी चपळाई लागते, ती क्रिकेटच्या झेलाला लागतेच की! पण मुलं-मुली नुसती एकत्र सोडली तर काय होतं, तेही आम्ही पाहिलं आहे. मुलं चेंडू आपसांत फिरवतात आणि मुली कडेला उभ्या राहतात. म्हणून नियम लावावे लागतात. लगोरी फोडायची पाळी क्रमानं प्रत्येकाला. दुसऱ्याची पाळी कुणी घ्यायची नाही, ती 'नीट मारत नाही' म्हणूनसुद्धा नाही. कप्तान एका रविवारी मुलगा, दुसऱ्या रविवारी मुलगी. पहिले दोन-तीन रविवार कुरकुर होते. मग पोरांना कळतं, की जिंकायचं तर सगळ्यांना खेळतं करावं लागतं.

आणि भातुकली! ती बंद करा असं आम्ही म्हणत नाही. भातुकली फार मोठी शाळा आहे, फक्त तिच्यात मुलांचीही नावं घाला. आम्ही चिठ्ठ्या टाकतो. एका चिठ्ठीवर 'स्वयंपाक', एकीवर 'कामावर जाणं', एकीवर 'बाळ सांभाळणं', एकीवर 'आगगाडीचा ड्रायव्हर'. जी निघेल ती करायची. मुलाला स्वयंपाक निघाला तर खोटा खोटा नाही, खरीखुरी भेळ करायची. कांदा चिरायचा, लिंबू पिळायचं, सगळ्यांना वाढायचं आणि शेवटी भांडी विसळायची. मुलीला ड्रायव्हर निघाला तर पोरं आधी हसतात. मग आम्ही त्यांना सुरेखा यादवांची गोष्ट सांगतो. सातारा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची ही मुलगी १९८९ साली रेल्वेत सहायक ड्रायव्हर म्हणून लागली. आशियातली पहिली महिला रेल्वेचालक म्हणून तिचं नाव झालं. मार्च २०२३ मध्ये तिनं सोलापूरहून मुंबईला वंदे भारत गाडी आणली आणि २०२५ साली ती निवृत्त झाली. ही गोष्ट ऐकल्यावर पोरं आपणहून तिच्या मागं डबे होऊन उभी राहतात.

आपल्या चाळीचा खेळ म्हणजे कॅरम. बोर्ड कुणाच्या ताब्यात असतो? गॅलरीत तरुण पोरांच्या. मुलगी पाण्याची बादली घेऊन बाजूनं जाते. २०२४ साली अमेरिकेत कॅरमचा विश्वचषक झाला, त्यात चेन्नईच्या एका रिक्षाचालकाच्या मुलीनं, काझिमानं, तीन सुवर्णपदकं मिळवली. बोर्ड तोच, सोंगट्या त्याच. तिच्या घरानं तिला बोर्डापुढं बसू दिलं, एवढाच फरक. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या पुरुषांनी तो जिंकला आणि महिलांनीही जिंकला. महिलांची कप्तान होती आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. त्याच वर्षी जुलैमध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखनं वयाच्या एकोणिसाव्या वर्षी बुद्धिबळाचा महिला विश्वचषक घेतला. आपल्या पोरींनी सगळ्यांनीच विश्वचषक आणावा असा आमचा हट्ट नाही. पण कुणाच्या अंगात काय आहे, ते पाण्याच्या रांगेत उभं करून कसं कळणार?

आता कलेचं. चित्र हे लहान मुलाचं पहिलं भाषण असतं. बोलायला भीती वाटते ते मूल काढून दाखवतं. १८५५ साली जोतिबा-सावित्रीबाईंच्या शाळेतली चौदा वर्षांची मुक्ता साळवे हिनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. पोरीच्या हातात साधन दिलं की ती काय बोलू शकते, याचा तो पुरावा आहे. म्हणून पोरांच्या हातात खडू द्या, माती द्या, पण चित्र तयार देऊ नका. आपण छापील चित्र आणून देतो. त्यात आई लाटणं घेऊन आणि बाबा वर्तमानपत्र घेऊन. मूल तेच गिरवतं.

हे बदलता येतं. २०१९ साली बालभारतीनं दुसरीचं नवं पुस्तक काढलं. त्यात आई आणि बाबा दोघं मिळून भाजी निवडताहेत असं चित्र दिलं. २०२४ साली केरळ सरकारनं तिसरीच्या पुस्तकात स्वयंपाकघरात नारळ खवणारा बाप दाखवला. काहींनी नावं ठेवली, काहींनी चेष्टा केली. पण ज्या पोरानं ते पान पाहिलं, त्याच्या डोक्यात एक खिडकी उघडली. आपणही भिंतीवर तशी चित्रं लावू, आणि ती पोरांनीच काढलेली असू देत. चित्राखाली नाव लिहिताना आधी आपलं, मग आईचं, मग वडिलांचं. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांची नावं महाराष्ट्रात सरकारी कागदावर तशीच लागतात. मोठ्या मुलांनी चित्राखाली लिहायला कायद्याची वाट कशाला पाहायची?

कुणी म्हणेल, रांगोळी, चित्रं हे बायकी काम. वारली चित्रांचं उदाहरण घ्या. लग्नाचा चौक लिहिण्याचा मान वारली समाजात पूर्वी सुवासिनींचा. १९७० नंतर जिव्या सोमा म्हसे या पुरुषानं ती कला हाती घेतली आणि रोजच्या जगण्याची चित्रं काढली. जगभर नाव झालं, २०११ साली पद्मश्री मिळाली. त्यांचं काही कमी झालं नाही आणि बायांची कलाही मोठी झाली.

नाटकाचंही तसंच. आपल्या जयंतीच्या चित्ररथावर बाबासाहेब कोण होतो? मुलगा. रमाई कोण? मुलगी. दर वर्षी असंच. एका वर्षी सातवीतली एक मुलगी म्हणाली, "संविधानाची उद्देशिका मला तोंडपाठ आहे. भाषण मी करीन. मला निळा कोट द्या." कार्यकर्त्यांत दोन तट पडले. रात्री बारापर्यंत बैठक चालली. एक म्हणे विटंबना होईल, दुसरा म्हणे लोक हसतील. शेवटी एक म्हातारी उपासिका उठली. म्हणाली, "ज्यानं आमच्यासाठी हिंदू कोड बिल मांडलं आणि ते होईना म्हणून मंत्रीपद सोडलं, त्याचा कोट माझ्या नातीला का होत नाही?" त्यावर कुणाला बोलता आलं नाही. पोरगी चढली, बोलली, आणि कुणी हसलं नाही. पुरुषांनी बाईची भूमिका करायची तर महाराष्ट्राला सवयच आहे. बालगंधर्वांचं लुगडं पाहून घरंदाज बाया लुगडं नेसायला शिकल्या म्हणतात. तेव्हा कुणाचं पुरुषपण बुडालं नाही. मग मुलीनं कोट घातला तर काय बुडेल?

आता शंका. पहिली, "मुलगा बायल्या होईल." मुलाला कांदा चिरता आला तर तो उद्या परगावी नोकरीला गेल्यावर उपाशी राहणार नाही, एवढंच होईल. आणि 'बायल्या' ही शिवी वाटते म्हणजे बाई असणं आपल्याला कमीपणाचं वाटतं. कोसल राजा प्रसेनजिताला मुलगी झाली तेव्हा त्याचं तोंड उतरलं. तथागतांनी त्याला सांगितलं, की मुलगी मुलापेक्षाही श्रेष्ठ निघू शकते. अडीच हजार वर्षांपूर्वी सांगितलं. अजून किती वर्षं लागणार?

दुसरी शंका आयांची आहे आणि ती खरी आहे. अंधार पडतो, टवाळ पोरं असतात, वयात येणाऱ्या पोरीला कसं पाठवायचं? याला भाषण हे उत्तर नाही. मैदानाला दिवा हवा. विहारात मुलींसाठी स्वच्छ संडास हवा, त्याला आतून कडी हवी, पाणी हवं. पाळीच्या दिवसांत लागणारं सामान कपाटात हवं. खेळाच्या वेळी दोन आया आणि दोन बाप हजर हवेत. नुसत्या आया नकोत. बाप तिथं असला की टवाळांना जरब बसते आणि मुलाला दिसतं, की हे काम आपल्या बाबांचंही आहे.

तेव्हा या वर्धापनदिनी ठराव करायचा तर आम्ही तीन गोष्टी मागतो. एक, दर रविवारी सकाळी दोन तास विहाराचं अंगण मुला-मुलींच्या एकत्र खेळाला द्यायचं, आणि पोरींना त्या दोन तासांत घरून हाक मारायची नाही. पाणी त्या दिवशी मुलगे आणि बाप भरतील. दोन, वर्षातून दोनदा घड्याळाची चित्रं काढून याच भिंतीवर लावायची. पुढच्या वर्धापनदिनी मागची आणि नवी शेजारी ठेवून बघू, हिरवा रंग किती वाढला. तीन, चित्ररथ, लेझीम, नाटक यांतली कामं चिठ्ठ्या टाकून वाटायची. तिन्ही मिळून खर्च एका दिव्याचा, एका कडीचा आणि खडूच्या पेट्यांचा.

जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितलं, की एखाद्या समाजाची प्रगती आपण त्यातल्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो. त्यांची मोजपट्टी आपल्या हातात आहे. आपण तिचं एक टोक या पुढं बसलेल्या पोरींच्या संध्याकाळला लावून बघू. पोरींनो, रविवारी या. पोरांनो, हंडे भरून या.